हलक्या हाताचा पाना

जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये लोखंड टनांत मोजतात. तिथल्याच एखाद्या गॅरेजात जुनी प्रीमियर पद्मिनी स्टिअरिंगच्या कामाला आली, की मोजमाप एकदम हलके होते. स्टिअरिंग बॉक्समधल्या बेअरिंगवर बेताचाच दाब हवा. कमी पडला तर स्टिअरिंग ढिले खेळते. जास्त झाला तर वळणानंतर ते आपोआप सरळ होत नाही. दोन्हींत जिवाशी गाठ. दांडा फिरवायला लागणाऱ्या परिबलावरून, म्हणजे टॉर्कवरून, हा दाब ओळखतात. ते अगदी थोडे असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

टॉर्कच्या पान्याचा जन्म मात्र दांडग्या बोल्टांसाठी झाला. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातले कॉनरॅड बार जमिनीखालच्या नळांचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाण्याने त्रासले होते. ठरलेल्या परिबलाला ‘टक्’ असा आवाज करणाऱ्या पान्यासाठी त्यांनी सहकाऱ्यासह १९३५ मध्ये अर्ज केला. १९३७ मध्ये पेटंट मिळाले.

असा २०० न्यूटन-मीटरचा पाना साधारण ४० च्या खाली भरवशाचा नसतो. शिवाय ‘टक्’ फक्त मर्यादा सांगतो. फिरत्या दांड्याचे परिबल वाचायला पाचेक न्यूटन-मीटरचा तबकडीवाला पाना घ्यावा.

तो नसेल तर शाळेतला ताणकाटा आहेच. चाकांकडे जाणारे सांधे सोडवून, २० सेंटिमीटर त्रिज्येच्या स्टिअरिंगच्या कडेला तो काटकोनात ओढावा. ५ न्यूटनला स्टिअरिंग संथ फिरत राहिले, तर परिबल एक न्यूटन-मीटर.