स्वतोडणी फळबाग

ग्राहकाने स्वतः फळे तोडून वजनावर किंवा पिशवीच्या मापाने विकत न्यावीत, यासाठी हंगामात खुली ठेवलेली बाग. ‘पिक-युअर-ओन’ या नावाने ती ओळखली जाते.

१९३० च्या दशकातील मंदीत आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फळांचे भाव इतके घसरले, की तोडणीची मजुरीही सुटेना. तेव्हा काही बागायतदारांनी बागा ग्राहकांना खुल्या केल्या. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथे वर्गीकृत झालेल्या ‘एम ९’सारख्या खुज्या खुंटांमुळे सफरचंदाची झाडे बुटकी ठेवता आली व बरीचशी फळे शिडीवाचून हाती येऊ लागली (→ कलम, सफरचंद).

ईशान्य अमेरिकेत सफरचंदांचा मुख्य हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबर असतो. तोडताना फळ ओढत नाहीत. तळव्यात धरून किंचित वर उचलतात व पिरगळतात. पिकलेले फळ देठासह सुटते. हिसका दिल्यास आखूड फळफांदी मोडते आणि तिच्यावरील पुढील हंगामाचा डोळाही जातो. स्ट्रॉबेरी मात्र देठ नखाने खुडून काढतात. तोडल्यावर ती आणखी गोड होत नसल्याने पूर्ण लाल फळच घेतात. जपानमधील ‘इचिगो-गारी’त बहुधा ठरावीक शुल्कात, ठरावीक वेळेत तिथेच हवी तेवढी स्ट्रॉबेरी खाता येते; ‘गारी’ म्हणजे शिकार.

स्वतोडणीमुळे बागायतदाराचा मजुरी, वेष्टन व वाहतुकीचा खर्च वाचतो. मात्र फळांची नासाडी आणि सुट्टीच्या दिवशी पावसामुळे ग्राहक न आल्यास होणारी खोट त्याच्याकडेच राहते. महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील काही स्ट्रॉबेरी मळ्यांतही ही सोय आढळते (→ कृषिपर्यटन, स्ट्रॉबेरी).