पोटाचं ऑपरेशन आणि घरची विश्रांती : थोडा इतिहास

गेल्या महिन्यात एक पेशंट दवाखान्यात आल्या होत्या. वय तिशीचं, पदरात दोन मुलं, धाकटं सव्वा वर्षाचं. दुर्बिणीतून पित्ताशय काढून सातवा दिवस होता. जखमा स्वच्छ, ताप नाही, भूक चांगली. मी समाधानाने मान डोलावली तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगितलं, टाके कधी दाखवायचे ते सांगितलं. पण पोराला कडेवर कधी घेऊ, हे कुणीच सांगितलं नाही."

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर दर पिढीला बदलत आलं आहे. ते का बदललं हे कळलं, तर आज घरी गेल्यावर काय करायचं आणि काय टाळायचं हेही नीट उमगतं. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात अमेरिकेतल्या केंटकी प्रांतातल्या एका बाईपासून करावी लागते. जेन टॉड क्रॉफर्ड हे त्यांचं नाव. पंचेचाळिशी ओलांडलेली, शेतकरी कुटुंबातली, मुलाबाळांची आई. पोट वाढत चाललं होतं आणि आसपासच्या डॉक्टरांना वाटलं की दिवस भरून गेलेलं बाळंतपण अडलं आहे. इफ्राईम मॅकडॉवेल या सर्जननी तपासलं आणि सांगितलं की हे मूल नाही, अंडाशयाची गाठ आहे. अशी गाठ पोट उघडून काढल्याचं तोवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. जेनबाई डिसेंबरच्या थंडीत, पोटातली गाठ खोगिरावर टेकवून, घोड्यावरून साठ मैल म्हणजे जवळपास शंभर किलोमीटर अंतर कापून डॅनव्हिलला पोचल्या. १८०९ च्या नाताळात मॅकडॉवेलच्या घरीच ऑपरेशन झालं. भूल नाही, कारण भुलीचा शोध लागायला अजून सदतीस वर्षं होती. पंचवीस मिनिटांत सुमारे दहा किलोची गाठ बाहेर आली.

मला या हकिकतीत गाठीपेक्षा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मॅकडॉवेलनी लिहून ठेवलं आहे की पाचव्या दिवशी ते खोलीत गेले, तर बाई उठून स्वतःचं अंथरूण आवरत होत्या. त्यांनी तिला चांगलीच ताकीद दिली. पंचविसाव्या दिवशी बाई आल्या तशाच घरी परतल्या आणि १८४२ पर्यंत, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीपर्यंत जगल्या.

पाचव्या दिवशी अंथरूण आवरणाऱ्या बाईला डॉक्टर रागावतात, हे दृश्य आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डात आजही दिसेल. गंमत अशी की चूक बहुधा डॉक्टरांची होती. उठून हिंडणं हे तिच्या बरं होण्याच्या आड आलं नाही. मदतच झाली असावी.

पण वैद्यकशास्त्राला हे कळायला पुढची शंभर-सव्वाशे वर्षं लागली. १८४६ मध्ये इथरची भूल आली, १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पोटाची ऑपरेशनं झपाट्याने वाढली. त्याबरोबर एक भीतीही वाढली, टाके तुटून पोट उसवण्याची. तेव्हाचा धागा प्राण्यांच्या आतड्यापासून बनवलेला असे आणि तो शरीरात विरघळून जाई. तो आधी विरघळेल की जखम आधी जुळेल, ही शर्यतच होती. शिवाय इंग्लंडमधले जॉन हिल्टन यांनी १८६० च्या दशकात 'विश्रांती हेच औषध' या विचारावर दिलेली व्याख्यानं फार गाजली होती. परिणाम असा झाला की पोटाच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे उताणं पडून राहायचं, हा जवळजवळ कायदाच झाला.

हा कायदा सगळ्यांना सारखा लागू नव्हता. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. दोन दिवस आधी त्याच्या अपेंडिक्सभोवतीचा पू सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी काढला. दुसऱ्याच दिवशी महाराज बिछान्यात उठून बसले होते. सेवेला माणसं होती, वेळ होता, सारं साम्राज्य थांबायला तयार होतं. ९ ऑगस्टला, म्हणजे साधारण साडेसहा आठवड्यांनी, राज्याभिषेक झाला.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचंच आहे. येरवड्याच्या तुरुंगात असताना महात्मा गांधींना अपेंडिक्सचा त्रास झाला आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ती खोली ससूनमध्ये आजही जपून ठेवली आहे. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली, तरी मार्चपर्यंत ते ससूनमध्येच होते आणि त्यानंतर मे अखेरपर्यंत जुहूच्या समुद्रकिनारी हवापालटासाठी राहिले. अँटिबायोटिक्स नव्हती, त्यामुळे एवढा काळ लागणं तेव्हा रीतीचंच होतं. जुहूला असताना त्यांनी पत्रांचं संपादन पुन्हा हाती घेतलं, मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी खल केला. पण पाणी भरणं, चूल पेटवणं हे त्यांच्या वाट्याचं काम नव्हतं. विश्रांती मिळाली ती या अर्थाने.

मध्यमवर्गीयांसाठीही त्या काळी थोडी सोय होती. देवळाली, लोणावळा, माथेरान अशा ठिकाणी निरनिराळ्या समाजांच्या विश्वस्त संस्थांनी सॅनेटोरियम बांधली होती. दुखण्यातून उठलेल्या माणसाने तिथे महिनाभर राहावं, हवा खावी, अंगात बळ आलं की घरी जावं. आज त्या इमारतींत सहली उतरतात.

दरम्यान पडून राहण्याचे तोटे हळूहळू उजेडात येत होते. शिकागोचे सर्जन एमिल रीस यांनी १८९९ मध्येच लिहिलं होतं की पोटाच्या ऑपरेशननंतर लवकर उठवलेल्या बायका लवकर बऱ्या होतात. त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. लोळून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साकळतं, गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस क्षणात जातो. श्वास उथळ राहिल्याने न्यूमोनिया होतो, आतडी सुस्तावतात, स्नायू झिजतात. 'ऑपरेशन यशस्वी झालं, पण दहाव्या दिवशी अचानक गेले' अशा जुन्या गोष्टी आपण आजी-आजोबांकडून ऐकल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांचं कारण ही गुठळी असणार.

दुसऱ्या महायुद्धाने हे कोडं सोडवलं, तेही काहीसं नाइलाजाने. खाटा कमी, परिचारिका कमी, जखमी असंख्य. लवकर उठवलेले सैनिक उसवले नाहीत, उलट लवकर कामाला लागले. डेट्रॉइटचे सर्जन डॅनियल लायथॉसर यांनी १९४६ मध्ये 'लवकर चालवा' हे सांगणारं पुस्तकच काढलं. पुढच्याच वर्षी लंडनचे डॉक्टर रिचर्ड अॅशर यांनी अंथरुणात पडण्याचे धोके एकेका अवयवानुसार मांडणारा छोटा लेख लिहिला. तो आम्हा डॉक्टरांनी अजूनही वाचावा असा आहे.

पुढचा टप्पा तुमच्या आठवणीतला आहे. जर्मनीत कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, १९८५ मध्ये एरिक म्यूहे यांनी पित्ताशय. दोघांनाही सुरुवातीला स्वकीयांकडून कौतुकापेक्षा टीकाच जास्त मिळाली. भारतात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत दुर्बिणीतून पित्ताशयाचं पहिलं ऑपरेशन केलं. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी दाखवून दिलं की वेदना नीट आवरल्या, लवकर खायला दिलं आणि त्याच दिवशी चालवलं, तर मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेले वयस्क पेशंटही दोन-तीन दिवसांत घरी जाऊ शकतात.

इथवरची कहाणी प्रगतीची आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण तिची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. तीन आठवड्यांचा मुक्काम दोन दिवसांवर आला, तरी जखम भरायला लागणारा काळ तेवढाच राहिला. उरलेले दिवस दवाखान्यातून घरी आले. आणि आपल्याकडे ते घर चालवणारी व्यक्ती बहुतेक वेळा तीच असते, जिचं ऑपरेशन झालेलं आहे.

माझ्या आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेत होतो. पोटावर वीतभर छेद, दवाखान्यात बारा दिवस. घरी आल्यावर मावशी महिनाभर राहायला आली. आज छेद अर्ध्या इंचाचे असतात आणि मावशीची नोकरी असते.

याचं सर्वात ठळक उदाहरण कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं. महाराष्ट्रात सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आहे. म्हणजे पदरात लहान मुलं असताना बाईच्या पोटावर होणारं हे आपल्याकडचं फार मोठं ऑपरेशन आहे, संख्येने. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या. त्या सक्तीचा राग एवढा होता की पुढे सगळा भार स्त्रियांवर आला. पुरुषाच्या नसबंदीत पोट उघडावं लागत नाही. तरीही आज ती करून घेणारे पुरुष हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. शिबिरातून त्याच दिवशी घरी आलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी हंडा उचलल्याच्या हकिकती मी माझ्या प्रॅक्टिसमध्ये पुष्कळ ऐकल्या आहेत.

आता जखमेकडे वळू. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी जखम किती ताण सोसते हे दिवसागणिक मोजलं. पहिले चार-पाच दिवस जखमेला स्वतःची ताकद जवळजवळ नसते, सगळा भार टाक्यांवर असतो. मग ताकद भराभर वाढते. पोटाच्या भिंतीतला पांढरा चिवट पडदा मात्र सावकाश जुळतो. सहा आठवड्यांनी तो साधारण निम्मा मजबूत झालेला असतो आणि पुढे महिनोन् महिने सुधारत जातो, पण मूळच्या ताकदीइतका कधीच होत नाही. मोठ्या छेदानंतर 'सहा आठवडे जड उचलू नका' हे यातूनच आलं. दुर्बिणीच्या छोट्या छेदांना एवढं थांबावं लागत नाही, दोन-तीन आठवडे बहुधा पुरतात. सर्जन-सर्जनांत यावर मतभेद आहेत, कारण हे नियम बरेचसे अनुभवातून आणि सावधगिरीतून ठरले आहेत. पोटातला दाब मोजून पाहिला तर जोराच्या खोकल्याने, किंवा खुर्चीतून झटकन उठल्यानेही, चार-पाच किलो उचलण्याइतका किंवा त्याहून जास्त ताण येतो. म्हणून खोकला आणि बद्धकोष्ठता यांचा इलाज करणं हे वजन टाळण्याइतकंच महत्त्वाचं. खोकताना पोटावर उशी दाबून धरा.

भरलेला हंडा पंधरा किलोच्या आसपास जातो. गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोचा. वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं, आणि ते वळवळतं, लाथा मारतं. तेव्हा मुलाला जमिनीवरून उचलू नका. तुम्ही बसा आणि कुणाला तरी त्याला मांडीवर द्यायला सांगा, बाजूने. पाजायलाही हेच.

आपल्या बाळंतिणीच्या सव्वा महिन्याच्या रिवाजात एक शहाणपण होतं आणि एक चूक. कामातून सुटका हे शहाणपण. बाजेवरून न उठणं ही चूक, सिझेरियन झालं असेल तर जास्तच. घरात दिवसातून पाच-सहा वेळा चाला, जिना सावकाश चढा. पोटाला पट्टा बांधल्याने दुखणं कमी होत असेल तर जरूर बांधा, पण त्याने जखम लवकर जुळते असं नाही. दुर्बिणीनंतर दोन-तीन दिवस खांदा दुखतो तो पोटात भरलेल्या वायूमुळे, घाबरू नका.

मात्र ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगून उलट्या, जखमेतून पू, एकाच पायाच्या पोटरीला सूज, डोळ्यांना किंवा लघवीला पिवळेपणा यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर रात्र असली तरी थांबू नका.

त्या पेशंटना मी म्हटलं, आणखी दोन आठवडे कडेवर नाही, मांडीवर आजपासून. त्यांचे यजमान बाहेर बाकावर बसले होते, त्यांना आत बोलावून हेच पुन्हा सांगितलं. अलीकडे कुणाला ऑपरेशनसाठी सर्जनकडे पाठवतो तेव्हा चिठ्ठी लिहिण्याआधी रक्तदाब आणि साखर यांच्याबरोबर एक प्रश्न विचारतो, घरी पाणी कोण भरतं? उत्तर बहुतेक वेळा पेशंटकडे बघूनच कळतं. मग ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी पुढच्या तीन आठवड्यांचं पाणी कोण भरणार ते ठरवायला सांगतो.