भीमनगरच्या ओव्यांचा गळा

लोकसाहित्याच्या आपल्या अभ्यासात ओवीला बहुधा कर्ती नसते. ती 'लोकां'ची असते, 'पूर्वापार' असते. मुखपृष्ठावर नाव येते ते संकलकाचे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली झालेले ध्वनिमुद्रण ह्या सवयीला अडथळा आणते. म्हणूनच दोन दशकांनी ते पुन्हा ऐकू येऊ लागणे ही वाङ्मयेतिहासातील घटना मानायला हवी.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी १९८०च्या दशकात पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. एक हजारांवर गावे, तीन हजारांवर गायिका आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा तो पसारा वाढला. आरंभीचे काम कागदावरचे होते. १९९०च्या दशकात बर्नार बेल हे फ्रेंच संगीत-संशोधक सामील झाले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. भीमनगरात राधा बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार, रंगू पोटभरे, पार्वती भादर्गे आदी स्त्रिया गायल्या. फिती अभिलेखागारात गेल्या. पॉइतवाँ २००४ मध्ये वारले, राईरकर २०१० मध्ये. फिती हरवलेल्या नव्हत्या, क्रमांक लावून नीट ठेवलेल्या होत्या. पण अभ्यासकांच्या लहानशा वर्तुळाबाहेर त्या कुणी ऐकत नव्हते. २०१७ साली 'पारी' ह्या ग्रामीण जीवनाच्या डिजिटल संग्रहाने त्या एकेक करून प्रकाशित करायला घेतल्या, आणि माजलगावच्या गायिकांनाही पुन्हा गाठले.

ऐकताना प्रथम जाणवते ते हे, की छापील ओवी म्हणजे निम्मीच ओवी. कागदावर दोन ओळी दिसतात. गाताना अर्धी ओळ परत फिरते, मध्ये 'गं बाई' येते, पुढची ओळ आठवेपर्यंत मागची धरून ठेवली जाते. जात्याच्या फेऱ्याला आणि दळणारणीच्या श्वासाला सोयीची अशी ही रचना आहे. चालीला बायका 'गळा' म्हणतात. हा शब्द आपल्या छंदशास्त्राने केव्हाच उचलायला हवा होता. अक्षरे मोजून ओवी शिकवणाऱ्या आपल्या वर्गांत ह्यातले काहीच पोचत नाही. मुद्रण झाले तेव्हा पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचून रोजचे दळण थांबले होते, हेही ध्यानात ठेवावे. ह्या बायका बव्हंशी आठवणीतून गात होत्या.

आठवणीतून गात असल्या, तरी गात होत्या ते जुने नव्हते. पहिल्या ओवीचा मान परंपरेने देवाचा. इथे तो बाबासाहेबांकडे, बुद्ध-धम्म-संघाकडे जातो. साचा तोच ठेवून देव्हारा बदलण्याची ही कृती १९५६च्या धर्मांतराशिवाय संभवत नाही, म्हणजे तिला निश्चित काळ आहे. भोवतालही विसरता येत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून १९७८ मध्ये ह्याच प्रदेशात दलित वस्त्या जळाल्या होत्या, आणि नामांतर (खरे तर नामविस्तार) १४ जानेवारी १९९४ रोजी झाला होता. मुद्रण त्यानंतर दोनच वर्षांचे. ओवी 'कालातीत' असते असे म्हणणाऱ्याने ह्या फिती ऐकून मग बोलावे.

बीड जिल्ह्याला ओवी परकी नाही, हे ओघात सांगायला हरकत नाही. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. तिथल्याच दासोपंतांनी तर लांबच लांब कापडावर 'पंचीकरण' लिहून काढले. ती पासोडी आपण जपली, तिच्यावर लिहिले, अभिमानाने मिरवली. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी ह्यांचे नाते आपल्याकडे पुष्कळ चर्चिले गेले आहे, परंतु दुसरीच्या वाट्याला पासोडीचे भाग्य क्वचितच आले.

दलित साहित्याचा इतिहास आपण नियतकालिकांपासून, १९७२च्या पँथरपासून, आत्मकथनांपासून मांडतो. जलसे आणि शाहिरी ह्यांना त्यात थोडीफार जागा मिळते, कारण ते चौकात घडले. भीमनगरच्या ओव्या घराच्या आत रचल्या गेल्या, पहाटेच्या अंधारात, आणि त्या रचणाऱ्या स्त्रियांचे शिक्षण बेताचेच, वा झालेलेच नव्हते. त्यांना 'लोकसाहित्य' ह्या प्रकरणात टाकले की नावे गळतात. 'दलित कविता' ह्या प्रकरणात घ्यायचे तर लिखित संहिता मागितली जाते. ध्वनिफितीवर मात्र गायिकेचे नाव आहे, गाव आहे, साल आहे. आता निदान विद्यार्थ्यांना त्या वर्गात ऐकवता येतात.