निजलेलें कलम

जुलमी सत्तेस प्रथम नवे कायदे करावे लागतात, असा एक समज आहे. इतिहास निराळें सांगतो. पुष्कळदां जुनेंच एखादें कलम दंडसंहितेंत निजलेलें असतें. सत्ताधीशानें त्यास हांक मारावयाचा काय तो अवकाश!

याचें उदाहरण आम्हांस घरचेंच आहे. राजद्रोहाचें १२४-अ कलम १८७० सालीं आलें. त्याखालीं पहिला खटला १८९१ सालीं झाला. पुढें १८९७ सालीं टिळकांच्या खटल्यांत ‘अप्रीति’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ज्यूरीस सांगितला, आणि त्याच कलमाचा पल्ला एकाएकीं वाढला.

तुर्कस्थानांत हाच प्रकार आमच्या डोळ्यांदेखत घडला. राष्ट्राध्यक्षाच्या अपमानास एक ते चार वर्षें कैद सांगणारें २९९ वें कलम तेथें २००५ पासून अमलांत होतें. २०१४ सालीं एर्दोआन राष्ट्राध्यक्ष झाले, आणि तें खडबडून जागें झालें. २०२० अखेरपर्यंत सुमारें १,६०,००० चौकश्या, ३५,००० वर खटले आणि १२,००० वर शिक्षा झाल्या. आरोपींत संपादक होते, तशीं ट्विटर-फेसबुकावर दोन ओळी लिहिणारीं सामान्य माणसेंही होतीं. राजवाड्यांत शिरल्यानें बैल राजा होत नाहीं, राजवाड्याचा मात्र गोठा होतो, या अर्थाची म्हण उच्चारल्याबद्दल सेदेफ कबाश या पत्रकार बाईंस जानेवारी २०२२ मध्यें रात्रीं अटक झाली. मार्चमध्यें दोन वर्षें चार महिन्यांची शिक्षा सुनावण्यांत आली.

कोणी म्हणेल, बारा-तेरांतून एकासच शिक्षा होते. मग न्यायालयें कठोर कशीं? आम्हांस हा युक्तिवाद पटत नाहीं. उरलेल्यांच्या दारीं पोलीस येऊन गेलेच, चौकशीचा ससेमिरा लागलाच. खटल्याचें खरें फळ आरोपीच्या घरीं नसून त्याच्या शेजाऱ्याच्या घरीं असतें: तो आपली लिहिलेली ओळ मुकाट्यानें पुसून टाकतो. अशा पुसलेल्या ओळींची मोजदाद कोणत्याच सरकारी तक्त्यांत नसते.

२०२१ सालीं युरोपीय मानवाधिकार न्यायालयानें हें कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याशीं विसंगत ठरविलें. तें रद्द करणें दूरच. २०२२ च्या ऑक्टोबरांत ‘खोट्या बातम्या’ पसरविण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेचा नवा गुन्हा निर्माण झाला. कलम वापरांत नाहीं म्हणून निर्धास्त राहणाऱ्या प्रजेनें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं त्यास जागविण्याचा अधिकार तिच्या हातीं नसतो. काढून टाकविण्याची संधि मात्र तें निजलेलें असतांनाच असते.