‘पाटलांचं पुस्तक द्या’ म्हटलं, तर नेमकं कोणतं? एका आडनावाची सात पुस्तकं

इचलकरंजीला खेटून असलेलं कबनूर आणि विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेलं पट्टणकोडोली ही दोन्ही गावं कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातली. पट्टणकोडोलीत १९२६ साली कथाकार शंकर पाटील यांचा जन्म झाला. ‘पानिपत’ लिहिणाऱ्या विश्वास पाटील यांचं नेर्ले हे गावही याच जिल्ह्यातलं, शाहूवाडी तालुक्यातलं. त्यामुळे या भागातल्या वाचनालयात कुणी नुसतं ‘पाटलांचं पुस्तक द्या’ म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या पाटलांचं?

मराठीत पाटील आडनावाचे इतके लेखक का आहेत? त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? आणि त्यांची कोणती पुस्तकं वाचायला हवीत?

‘पाटील’ हे आधी पद, मग आडनाव

पाटील म्हणजे गावचा प्रमुख. सारावसुली करणं, गावात शांतता राखणं आणि सरकार व गाव यांच्यातला दुवा होणं ही त्याची कामं. हिशेब आणि दप्तर मात्र कुलकर्ण्याच्या ताब्यात असे. हे काम वंशपरंपरेने चालत असल्याने पदाचं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं.

गावं हजारो, म्हणून पाटीलही हजारो. मराठा, कुणबी, जैन, लिंगायत, आगरी, कोळी, लेवा अशा अनेक समाजांत हे आडनाव सापडतं. म्हणूनच दोन पाटील एकमेकांचे नातेवाईक असतील असं नाही आणि आडनावावरून जातीचा अंदाज बांधला तर तो चुकण्याचीच शक्यता जास्त.

महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पद रद्द झालं. पोलीस पाटील हे पद मात्र आजही आहे. त्याचा आधार १९६७ चा ग्राम पोलीस अधिनियम.

कोल्हापूरचे तीन पाटील

टारफुला – शंकर पाटील : टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर वाढणारं आणि पिकाचा रस शोषणारं तण. या कादंबरीत गावचा वजनदार पाटील मरतो आणि रिकाम्या झालेल्या सत्तेसाठी गावात चढाओढ सुरू होते. पाटीलकी म्हणजे काय होतं, हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त कळतं. ‘वळीव’, ‘धिंड’ या कथासंग्रहांचे लेखक आणि ‘पिंजरा’ चित्रपटाच्या लेखनाशी जोडलेलं नाव अशीही त्यांची ओळख आहे.

झाडाझडती – विश्वास पाटील : धरणासाठी गाव सोडावं लागलेल्या माणसांची ही कादंबरी. जमीन जाते, मोबदला अडकतो, पुनर्वसन कागदावर राहतं. लेखक स्वतः प्रशासकीय सेवेत होते, त्यामुळे सरकारी फाइल कशी चालते याचे बारकावे पुस्तकात पानोपानी आहेत. या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

प्रवास ध्यासाचा, आनंद सृजनाचा – लीला पाटील : लीलाताईंनी १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. मुलाला अनुभवातून, भीतीशिवाय शिकता यावं, हा या शाळेमागचा विचार. त्या प्रयोगाची गोष्ट सांगणारं हे पुस्तक शिक्षकांबरोबर पालकांनीही वाचावं असं आहे.

जन्माने भालेकर, दत्तक गेल्याने पाटील

कुलकर्णी लीलामृत – मुकुंदराव पाटील : सत्यशोधक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांचा हा मुलगा. दत्तक गेल्यामुळे ते पाटील झाले. नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून त्यांनी ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र चालवलं. गावच्या दप्तराच्या जोरावर अडाणी शेतकऱ्याला नाडणाऱ्या कुलकर्ण्यावर या पद्यात त्यांनी टीका केली. नावात एक पद, लेखकाच्या आडनावात दुसरं. जुन्या गावगाड्याची दोन्ही टोकं एकाच मुखपृष्ठावर येतात.

दासशूद्रांची गुलामगिरी – शरद पाटील : धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना एकत्र आणून जात आणि वर्ग यांचा इतिहास तपासायचा, ही त्यांची मांडणी. त्यासाठी त्यांनी संस्कृत व्याकरणाचाही अभ्यास केला. ग्रंथ अवघड आहे, पण त्याशिवाय महाराष्ट्रातली जातीवरची चर्चा पूर्ण होत नाही.

लागोपाठ दोन वर्षं, दोन पाटील

साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार २०१८ मध्ये म. सु. पाटील यांच्या ‘सर्जनप्रेरणा आणि कवित्वशोध’ या समीक्षाग्रंथाला मिळाला. २०१९ मध्ये तो अनुराधा पाटील यांच्या ‘कदाचित अजूनही’ या कवितासंग्रहाला मिळाला. एक पुस्तक कविता कशी जन्मते याचा शोध घेतं, तर दुसरं प्रत्यक्ष कवितेचं.

साहित्य संमेलनातही हे आडनाव दिसतं. १९८५ च्या नांदेड संमेलनाचे अध्यक्ष शंकर पाटील होते, तर साताऱ्याच्या ९९ व्या संमेलनाच्या अध्यक्षपदी विश्वास पाटील यांची निवड झाली.

पुस्तक शोधताना काय लक्षात ठेवायचं?

ग्रंथालयाच्या सूचीत आडनाव आधी येतं. ‘पाटील’ या नोंदीखाली शंकर, शरद आणि म. सु. एकाखाली एक दिसतात. कपाटात मात्र कादंबरी एकीकडे, समीक्षा दुसरीकडे आणि समाजशास्त्र तिसरीकडे असतं. म्हणून तीन गोष्टी सांगाव्यात : लेखकाचं पूर्ण नाव किंवा आद्याक्षरं, पुस्तकाचं नाव आणि विषय. ऑनलाइन खरेदी करतानाही हेच करावं. नुसतं आडनाव टाकलं तर भलतंच पुस्तक घरी येऊ शकतं.

सुरुवात कुठून करावी? गोष्ट हवी असेल तर ‘टारफुला’, आजचा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर ‘झाडाझडती’, घरात शाळेत जाणारं मूल असेल तर लीलाताईंचं पुस्तक. ‘दासशूद्रांची गुलामगिरी’साठी मात्र हाताशी वही-पेन आणि सवड दोन्ही असू द्या.