संधीची दवंडी : रोह्याच्या सूचनाफलकामागचा इतिहास

लहान गावातील महाविद्यालयात दुपारचा तास चालू असताना शिपाई नोटिशीची वही घेऊन दारात उभा राहतो. प्राध्यापक खडू खाली ठेवतात, वहीतील चार ओळी वाचून दाखवितात, खाली सही करतात आणि तास पुढे सुरू होतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी नावनोंदणी, वक्तृत्वस्पर्धा, एस.टी.च्या सवलतीच्या पासाचे अर्ज, स्पर्धापरीक्षेचे मार्गदर्शन असा काहीसा त्या ओळींचा विषय असतो. हीच सूचना नंतर काचेच्या फलकात टाचणीने टोचली जाते आणि मुदत संपल्यावर काढून टाकली जाते. इतक्या क्षणभंगुर कागदाला इतिहास तो कसला असणार, असे कोणासही वाटेल. परंतु त्या कागदाला इतिहास आहे; तो दीर्घ आहे, आणि त्याची एक महत्त्वाची वाट रायगड जिल्ह्यातील रोह्यावरून जाते.

रोह्याला लागून असलेले वरसे, कुंडलिकेपलीकडील धाटावची औद्योगिक वसाहत आणि भोवतालची खेडी व आदिवासी वाड्या यांतील मुलामुलींना उच्च शिक्षणासाठी आज मुंबई गाठावी लागत नाही. रोह्यात डॉ. चिंतामणराव देशमुखांचे नाव धारण करणारे महाविद्यालय आहे, पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे. यांतील देशमुख आणि आंबेडकर ही दोन नावे केवळ आदरापोटी कमानीवर लिहिली गेली, असे समजणे अपुरे ठरेल. आतल्या फलकावर आज जे कागद लागतात, त्यांतील कित्येकांचा उगम या दोघांच्या कार्यात आहे.

दक्षिणेकडून शिष्यवृत्तीकडे

विद्येला द्रव्याचे साहाय्य देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत पुण्यास दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात हजारो लोक जमत. या दानाची कीर्ती दूरवर पोहोचली होती, मात्र ते एकाच वर्णापुरते होते. इतरांच्या कानी ती वार्ता जाऊनही उपयोग नव्हता. इंग्रजी अमलात या निधीतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ मध्ये, या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च करावा, असा अर्ज पुण्याच्या सुधारकांनी केला. सनातन्यांचा रोष ओढवला, तेव्हा अर्ज करणाऱ्यांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. कालांतराने त्याच निधीतून महाविद्यालयीन दक्षिणा-फेलोशिपा निर्माण झाल्या. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेले महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा-फेलो होते.

हे स्थित्यंतर वरवर लहान दिसते. रमण्यात जाऊन हात पुढे करणे आणि जाहीर केलेल्या परीक्षेस बसून गुणांवर वेतन मिळविणे, यांत मात्र फार मोठे अंतर आहे. पहिल्यात जन्म पाहिला जाई. दुसऱ्यात, निदान तत्त्वतः, उत्तरपत्रिका. मुंबईचे दानशूर नागरिक जगन्नाथ शंकरशेट १८६५ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावे मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात श्रेष्ठ ठरणाऱ्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती देण्याची प्रथा पडली आणि पुढे कित्येक पिढ्यांनी या शिष्यवृत्तीकडे विद्यार्थिजीवनातील परमोच्च मान म्हणून पाहिले.

गरीब विद्यार्थ्याला दार उघडे असावे, ही जाणीव ख्रिस्ती परंपरेतही पुरातन आहे. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक कॅथेड्रलमध्ये एका शिक्षकाच्या निर्वाहाची तरतूद करावी आणि त्याने धर्मसेवकांबरोबर गरीब विद्यार्थ्यांनाही विनामूल्य शिकवावे, असा नियम केला. विवाहापूर्वी तीन वेळा जाहीर घोषणा करण्याचा जो दंडक ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये पक्का केला, त्याच्याही मुळाशी हाच विचार होता : ज्या गोष्टीशी सर्वांचा संबंध आहे, ती सर्वांच्या कानांवर गेली पाहिजे. रविवारी मिस्साच्या अखेरीस घोषणा ऐकणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको.

१९१२ चे दोन विद्यार्थी

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाड तालुक्यात, रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. घराणे मूळचे रोह्याचे, वडील वकील. बालपणाचा बराच काळ रोह्यातच गेला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतातील पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला, वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकाविले आणि १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. त्या वेळी आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, आणि तेथील मुलाने हे यश मिळवावे याचे साऱ्या महाराष्ट्राला अप्रूप वाटले.

त्याच १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव रामजी आंबेडकर बी.ए.च्या परीक्षेस बसले. त्यांच्या वाटेवर मात्र गुणवत्ता एकटी पुरेशी नव्हती. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-ग्रंथकाराच्या नजरेस पडला. केळुसकरांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची मदत सुरू झाली. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठविण्याचे योजिले. आंबेडकरांनी अर्ज केला, निवड झाली, आणि दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट करारात होती.

या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. वकिलाच्या घरातील बुद्धिमान मुलास शंकरशेट शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे घरातच ठाऊक असणे स्वाभाविक होते. ज्या घरात महाविद्यालयात जाणारा हा पहिलाच, त्या घराला अशा गोष्टी कोण सांगणार? तेथे केळुसकर उभे राहिले. बडोद्याचा खजिना समृद्ध होता, विद्यार्थी असामान्य होता. तरी त्या दोहोंची गाठ घालून देणारा शिक्षक भेटला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न मनास चटका लावून जातो. आमच्या मते शिष्यवृत्त्यांच्या इतिहासात दात्याच्या जोडीने अशा मध्यस्थाचेही स्थान आहे, आणि ते क्वचितच लिहिले जाते.

व्यक्तीच्या कृपेकडून शासनाच्या हमीकडे

स्वतःच्या अनुभवातून डॉ. आंबेडकरांनी घेतलेला धडा सुस्पष्ट होता. एखाद्या उदार राजाची भेट घडण्यावर समाजाचे भवितव्य सोडता येत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतुदीचा आग्रह धरला आणि १९४४ पासून हिंदुस्थान सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मिळू लागली. पुढे अनुसूचित जमातींचाही तीत समावेश झाला. आज रोहे तालुक्यातील एखादी कातकरी वा ठाकर मुलगी ज्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, तिचे मूळ येथे आहे. याच काळात, १९४५ मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची सोय तेथे आवर्जून पाहिली गेली.

सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दुसरा मार्ग काढला होता. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राबून शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र उच्च शिक्षणातही आले. आज हे शब्द कोणत्याही महाविद्यालयाच्या फलकावर आढळतात. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९५९ च्या सुमारास, ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत होते, त्यांच्या मुलांना फीमाफी मिळू लागली. ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे आणि तहसीलदार कचेरीतील उत्पन्नाचा दाखला यांनी कोकणातील व देशावरील असंख्य शेतकरी घरांत पहिला पदवीधर निर्माण केला.

देशमुखांची दुसरी कामगिरी

चिंतामणराव देशमुख म्हटले की रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर हे बिरुद आपल्याला आठवते. १९४३ ते १९४९ त्यांनी ते पद भूषविले. १९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. इतका इतिहास शाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. त्यानंतरचे पर्व मात्र त्या मानाने अपरिचित राहिले आहे.

राजीनाम्याच्या वर्षीच ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाला कायद्याचे अधिष्ठान लाभले ते याच १९५६ साली. १९६१ पर्यंत त्यांनी हे काम पाहिले आणि पुढे १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. देशाचा अर्थसंकल्प मांडलेल्या माणसाने ग्रंथालये, प्रयोगशाळा, वसतिगृहे आणि प्राध्यापकांचे वेतन या विषयांत आपली उतारवयातील वर्षे घालावीत, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या मोठ्या पदांइतकीच मोलाची वाटते. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच १९५९ साली भारत सरकारने राष्ट्रीय सेवेची योजना आखण्यासाठी एक समिती नेमली आणि अध्यक्षपद देशमुखांकडे सोपविले. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष समाजासाठी द्यावे, अशी समितीची शिफारस होती. खर्च आणि अंमलबजावणी यांचा विचार करता ती सक्तीची योजना स्वीकारली गेली नाही. विचार मात्र मागे पडला नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा पुन्हा पुरस्कार केला आणि महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. सक्ती गेली, स्वेच्छा आली. आता स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे, अशी तिची रचना आहे. रोह्याच्या महाविद्यालयात या शिबिराची सूचना लागते, तेव्हा तिच्या मुळाशी रोह्याच्याच एका सुपुत्राने मांडलेला विचार असतो, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

फलक आणि वाचक

हा सारा इतिहास सांगण्यास एक कारण आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या या प्रवासात संधी एका वर्णाकडून सर्व समाजाकडे आली, राजाच्या मर्जीतून कायद्याच्या चौकटीत आली. आता तर ती कागदावरून पडद्यावर आली आहे. महाराष्ट्रातील बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संगणकीय व्यवस्थेतून भरावे लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, यांतील एक दुवा निसटला तर अर्ज अडतो. पूर्वी सूचना ठाऊक नसल्यामुळे मुले मागे राहत. आज सूचना मोबाइलवर येऊनही तिचा अर्थ न उमगल्यामुळे मागे राहू शकतात.

लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी असते. परतीची एस.टी. चुकू नये म्हणून तास संपताच तो स्थानकाकडे धावतो. एस.टी. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत देते खरी. परंतु गाडी फलक वाचून होईपर्यंत थांबत नाही. घरी वडील धाटावच्या कारखान्यात पाळीवर, आई शेतावर. मुदत म्हणजे काय, प्रतिज्ञापत्र कोठे करावयाचे, हे विचारावे तरी कोणाला? आणि नकाराच्या भीतीने न भरलेला अर्ज कोणत्याही आकडेवारीत मोजला जात नाही.

म्हणून केळुसकरांची गरज संपलेली नाही. वहीतील नोटीस वाचून झाल्यावर, “तू हा अर्ज भर, उद्या कागद घेऊन ये,” असे नाव घेऊन सांगणारा प्राध्यापक हा त्यांचाच वारस होय. हे काम केवळ महाविद्यालयाचे आहे असेही नाही. आपल्या धर्मग्रामांत शिक्षक आहेत, बँकेत व कचेरीत नोकरी केलेले निवृत्त लोक आहेत, संगणक लीलया हाताळणारे तरुण आहेत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीची माहिती आपल्याच घरांत किती जणांना आहे, याचा शोध प्रत्येक धर्मग्रामाने एकदा घ्यावा. जून-जुलै महिन्यांत रविवारी दोन तास सभागृहात एक टेबल मांडून अर्ज भरण्यास मदत केली, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. त्या टेबलाशी येणाऱ्या मुलाचा धर्म विचारला जाऊ नये, इतकीच आमची विनंती.

चिंतामणराव देशमुख २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे निवर्तले. संस्कृतचा हा शिष्यवृत्तिधारक अखेरपर्यंत संस्कृतात रमला. कालिदासाच्या मेघदूताचा त्याने मराठीत अनुवादही केला. रोह्यात त्यांच्या नावाच्या महाविद्यालयाच्या कमानीखालून आज जी मुले आत जातात, त्यांच्यापैकी प्रत्येकाला विद्यापीठात पहिले येता येणार नाही. आपल्या हक्काची सूचना त्या प्रत्येकापर्यंत, समजेल अशा भाषेत आणि मुदतीच्या आत पोहोचविणे मात्र आपल्या हाती आहे.