हॉवेलची झुडपे

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तरेस, इन्व्हरेलजवळ, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदी-शिशाच्या खाणीमुळे हॉवेल हे गाव वसले. पुढे खाण बंद पडली आणि गाव ओस पडले. त्याचे नाव आज भोवतालच्या ग्रॅनाइट खडकांवरील झुडपांनी जपले आहे.

खडकावर नांगर चालत नाही, म्हणून ही झुडपे टिकली. जांभळाच्या कुळातील होमोरँथस प्रोलिक्सस हे त्यांपैकीच एक. यांतील अनेक झुडपे वणव्यात मरतात आणि केवळ बियांपासून पुन्हा उगवतात. नव्या रोपांना बी धरण्यापूर्वीच दुसरा वणवा लागला, तर मातीतील बियांचा साठा संपतो. त्यातच मोकाट शेळ्या कोवळे कोंब खातात.

अशा वेळी एकट्यादुकट्या जातीला जपून भागत नाही. राज्याच्या १९९५ च्या कायद्याने जातींबरोबर संपूर्ण वनस्पती-समुदायालाही संरक्षण देऊ केले, आणि हॉवेलची झुडपे संकटग्रस्त समुदाय ठरली. २०१६ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे.

आपण वर्गात दुर्मीळ जातींच्या याद्या पाठ करून घेतो. आम्हाला वाटते, विद्यार्थ्यांना जवळच्या सड्यावर नेऊन तेथे कोण कोणासोबत वाढते, हेही पाहायला शिकवावे.